लांब नाकाचा देव

मराठीत राग नाकाच्या शेंड्यावर बसतो, हिब्रूत तो नाकातच राहतो. बायबलचा जुना करार बहुतेक हिब्रूत लिहिलेला आहे, आणि त्या भाषेत 'अफ' म्हणजे नाक, 'अफ' म्हणजेच राग. माणूस संतापला की नाकपुड्या फुलतात, श्वास गरम होतो. ते पाहूनच हा शब्द रूढ झाला असावा. 'त्याचा राग भडकला' असं आपण मराठी बायबलात वाचतो, तिथे मुळात 'त्याचं नाक पेटलं' असं आहे. आणि 'मंदक्रोध' म्हणून देवाचा जो गुण पुन्हा पुन्हा सांगितलाय, तो हिब्रूत आहे 'एरेख अप्पयिम', म्हणजे लांब नाकाचा. राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागावा इतकं लांब नाक!

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग लक्षात आलं की आपण 'देवाचा कोप' म्हणतो तेव्हा मनात भलतंच चित्र असतं. देवी हा रोग होता आणि तो 'यायचा'. अंगावर फोड उठले की देवी कोपली, मग तिला शांत करायचं. नवस राहिला, सोवळं मोडलं, काहीतरी चुकलं म्हणून वर कुणीतरी चिडलं, असा सरळ हिशेब. ख्रिस्ती घरांतूनही हा हिशेब गेलेला नाही. कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की दर रविवारी देवळात जाणारी बाईसुद्धा आधी विचारते, "माझं काय चुकलं असेल?" बायबलात देवाचा राग आहे, भरपूर आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण तो या हिशेबात बसत नाही.

मुळात हा देव रागावतो कशावर? आमोस नावाचा एक मेंढपाळ होता, उंबराच्या झाडांची निगा राखून पोट भरणारा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात तो इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात जाऊन बोलला. त्याने मोजलेली पापं ऐका: चपलांच्या एका जोडासाठी गरिबाला विकणारे, शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विश्रांतीचा पवित्र दिवस, कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो याची वाट पाहणारे धान्याचे व्यापारी, ज्यांचं माप लहान, वजन मोठं, तराजू खोटा, आणि जे गव्हातलं भुसकटही विकून टाकतात. आपल्याकडे याला 'मापात पाप' म्हणतात. आमोस सांगतो, देवाने शपथ घेतली आहे की यातलं एकही काम मी विसरणार नाही. इथे देवाचं नाक पेटलंय ते त्याचा मान राहिला नाही म्हणून नव्हे, कुणाच्या तरी पदरात पायलीऐवजी पाऊणच पायली पडली म्हणून. हे पाहूनही न रागावणारा देव त्या गरीब गिऱ्हाइकाच्या काय कामाचा?

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या एकाने हा गुंता एका फटक्यात सोडवायचं ठरवलं. जुन्या कराराचा रागीट देव वेगळा, येशूने सांगितलेला प्रेमळ पिता वेगळा, म्हणून जुना करार टाकूनच द्या, असं त्याचं म्हणणं. इसवी सन 144च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. तरी त्याचं म्हणणं अजून जिवंत आहे. 'जुना करार म्हणजे राग, नवा करार म्हणजे प्रेम' असं सांगणारे आजही चर्चच्या आवारात भेटतात. त्यांनी एकदा योनाचं पुस्तक वाचावं. चारच अध्याय आहेत, चहा निवायच्या आत होतात.

योना म्हटलं की सगळ्यांना मासा आठवतो. मासा बाजूला ठेवू. योनाला देव सांगतो, निनवेला जा आणि तिच्याविरुद्ध घोषणा कर. निनवे म्हणजे अश्शूरचं महानगर, आजच्या इराकमधल्या मोसूलसमोर, तैग्रिस नदीच्या पलीकडच्या काठावर. अश्शूरी लोकांचं क्रौर्य काही ऐकीव नाही. निनवेच्या राजवाड्यातले दगडी शिल्पपट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लाखीश हे यहूदाचं, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्याचं, शहर जिंकल्यावर कैद्यांना सुळावर कसं दिलं, जिवंतपणी कातडी कशी सोलली, ते त्यांवर अभिमानाने कोरलंय. उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य याच साम्राज्याने ख्रिस्तपूर्व 722च्या सुमारास संपवलं. अशा शहरावर देवाचा राग पडणार ही योनासाठी आनंदाची बातमी असायला हवी. तरी तो उलट दिशेचं जहाज पकडून पळतो.

का पळाला, ते शेवटच्या अध्यायात कळतं. अखेर तो निनवेला जातो, 'आणखी 40 दिवस, मग निनवे उलथून पडेल' एवढं एकच वाक्य बोलतो, आणि अख्खं शहर हादरतं. राजा गोणपाट नेसून राखेत बसतो, गुराढोरांवरही गोणपाट पांघरायचा हुकूम निघतो. देव बेत बदलतो. आणि योना भडकतो! "मला माहीत होतंच," तो देवाला सुनावतो. "तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध, दयेने भरलेला. म्हणूनच तर मी पळालो होतो." तीच स्तुती, लांब नाकाची, पण इथे ती तक्रार होऊन आली आहे. देवाच्या रागाची भीती बाळगणारे खूप, पण याला देवाच्या दयेची भीती होती, कारण ती त्याच्या शत्रूंपर्यंत पोचणार होती.

मग तो शहराच्या पूर्वेला खोपट घालून बसतो, अजूनही काही जळतंय का ते पाहायला. देव त्याच्यावर सावलीला एक झाड उगवतो. (हे झाड कोणतं यावरून भांडणं झाली आहेत. कुणी एरंड म्हणतं, कुणी भोपळ्याचा वेल. जेरोम नावाच्या विद्वानाने लॅटिन भाषांतर करताना भोपळ्याच्या जागी आयव्हीचा वेल घातला तेव्हा आजच्या लिबियातल्या एका चर्चमध्ये लोकांनी वाचन चालू असतानाच गोंधळ घातला.) दुसऱ्या दिवशी किडा ते झाड पोखरतो, गरम वारा सुटतो, ऊन डोक्यावर येतं, आणि योना म्हणतो, यापेक्षा मरण बरं. देव विचारतो, "एका झाडासाठी तू इतका हळहळतोस. तू ते लावलं नाहीस, वाढवलं नाहीस. मग या शहरासाठी मी हळहळू नये? इथे डावा हात कुठला नि उजवा कुठला हेही न कळणारी 1 लाख 20 हजारांहून जास्त माणसं आहेत. शिवाय पुष्कळ गुरंढोरं." पुस्तक इथेच थांबतं. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. शेवटी आलेली ती गुरंढोरं मला फार आवडतात. शेतकऱ्याला नुकसान मोजताना जनावरं आठवतात, तसं देवाला आठवलंय.

दयेसाठी हिब्रूत 'रहमीम' असा शब्द आहे, आणि त्याचं नातं 'रेहेम'शी, म्हणजे गर्भाशयाशी आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये येशूला कळवळा आला असं जिथे येतं, तिथल्या क्रियापदाच्या मुळाशी 'आतडी' हा शब्द आहे. इंग्रजी वाचकाला यासाठी तळटीप लागते, आपल्याला लागत नाही. आपल्याकडे आईचं आतडं तुटतं, पोटात कालवाकालव होते, लेकराची चूक पोटात घातली जाते. बायबलातली दया ही अशी पोटातली आहे. खुर्चीत बसून केलेला माफीचा हुकूम ती नव्हे.

ही दया आणि तो राग एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय उघडावा. देव एखाद्या आईबापासारखा इस्राएलच्या आठवणी काढतो (एफ्राइम हे त्याच उत्तरेकडच्या राज्याचं नाव): याला मीच चालायला शिकवलं, दंडाला धरून. वाकून याला घास भरवला. आणि हाच माझ्याकडे पाठ फिरवून निघाला. राग येतो, खूप येतो, आणि मग, "एफ्राइमा, मी तुला कसा सोडून देऊ? माझं काळीज आतल्या आत उलटंपालटं होतंय." आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणतात ते हेच. पुढचं वाक्य तर कितीदा वाचलं तरी थांबवतं: मी माझा कोप चालवणार नाही, 'कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे.' देव आहे म्हणून शिक्षा करणार, असं आपण ऐकत आलो. हा म्हणतो, देव आहे म्हणून हात आवरतो.

'सोडून देणं' हा शब्द इथे महत्त्वाचा. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात देवाचा कोप कसा दिसतो ते सांगितलंय. त्यात वीज नाही, साथ नाही. 'देवाने त्यांना सोडून दिलं' असं तो तीनदा लिहितो. पोरगं ऐकतच नाही म्हटल्यावर आई शेवटी "कर मग तुला काय करायचं ते" म्हणून गप्प बसते ना, तसा हा राग. आपल्याच हट्टाची फळं आपल्यालाच चाखू देणं. पण पौलाचा युक्तिवाद तिथे थांबत नाही. पुढे दहा अध्यायांनंतर तो म्हणतो, देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करता यावी म्हणून.

आता अडचणीची बाजू. बायबलात राग आणि आजार कुठे जोडलेलेच नाहीत, असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. मोशेची बहीण मिर्याम त्याच्याविरुद्ध बोलते, परमेश्वराचा राग पेटतो आणि तिच्या त्वचेवर बर्फासारखं पांढरं कोड उठतं. तिच्या बरोबरीने बोललेल्या अहरोनाला मात्र काहीच होत नाही, आणि या पक्षपाताचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. पण त्याच प्रसंगात, जिच्याकडून बोलणी खाल्ली तिच्यासाठी मोशे प्रार्थना करतो, हिब्रूत फक्त पाच शब्दांची: 'एल ना रेफा ना लाह'. देवा, कृपा कर, बरी कर तिला. तिला सात दिवस छावणीबाहेर राहावं लागतं आणि तेवढे दिवस अख्खा तांडा तिच्यासाठी थांबून राहतो. ती परत येईपर्यंत कुणी पुढे निघत नाही.

मात्र अशा प्रसंगांवरून नियम करायला बायबल स्वतःच आडकाठी घालतं. 'बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले' ही म्हण लोकांच्या तोंडी होती. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात, बाबेलच्या बंदिवासात, यहेज्केल हा संदेष्टा म्हणाला की ही म्हण यापुढे चालणार नाही, ज्याचं त्याने भोगायचं. ईयोबाचं पुस्तक आणखी पुढे जातं. ईयोबाची मुलं गेली, गुरं गेली, अंगभर गळवं उठली, आणि भेटायला आलेले मित्र त्याला पानंच्या पानं समजावतात की तू काहीतरी केलं असणारच. शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा राग पेटतो तो अलीफज आणि त्याच्या दोघा मित्रांवर, 'कारण तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.' आजाऱ्याच्या उशाशी बसून 'देवाचा कोप आहे' म्हणणाऱ्यांवरच देव कोपला! हॉस्पिटलात भेटीला जाताना ही ओळ खिशात असू द्यावी.

येशूने दोनदा हाच प्रश्न उडवून लावलाय. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, ती काय बाकीच्यांहून जास्त पापी होती? "नाही," तो म्हणतो, आणि वर 'तुमचं तुम्ही पाहा' असंही बजावतो. दुसऱ्यांदा जन्मांध माणूस समोर असताना शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? उत्तर येतं, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. तो मातीत थुंकतो, चिखल कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यात धुऊन ये म्हणून पाठवतो. शिष्यांना कारण हवं होतं, त्याने काम दाखवलं. (तळ्याच्या त्या काळच्या दगडी पायऱ्या 2004 साली सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त करताना सापडल्या.)

येशू रागावला तो प्रसंग तर यापेक्षा बोलका आहे. मंदिरात सराफांचे चौरंग उलथले ते सगळ्यांना आठवतं, पण तिथे 'राग' हा शब्द कुठेच नाही. देवाच्या कोपासाठी पौल जो ग्रीक शब्द वापरतो, तो शुभवर्तमानांत येशूच्या बाबतीत एकदाच येतो, मार्कच्या तिसऱ्या अध्यायात. शब्बाथचा दिवस, सभास्थानात गर्दी. एका माणसाचा हात वाळलेला आहे. हा आज याला बरं करतो की काय, केलं तर नियमात पकडू, म्हणून काही जण टपून बसलेत. येशू त्या माणसाला म्हणतो, "ऊठ, मध्ये उभा राहा." मग सगळ्यांना विचारतो, "शब्बाथ दिवशी जीव वाचवावा की घ्यावा?" कुणी बोलत नाही. तो रागाने सभोवार पाहतो, त्यांच्या मनाच्या कठीणपणाने त्याला वाईटही वाटतं, आणि त्या माणसाला सांगतो, "हात लांब कर." हात बरा होतो. मत्तय आणि लूक यांनी हीच गोष्ट सांगताना राग गाळून टाकलाय. त्यांना संकोच वाटला असावा. मार्कने ठेवला ते बरं केलं. राग, दुःख आणि बरं करणं, तिन्ही एका दमात. आणि राग कुणावर? वाळलेल्या हातावर नाही, हात वाळलेल्यावर तर नाहीच. त्या हातापेक्षा नियम ज्यांना मोठा वाटला त्यांच्यावर.

क्रूसाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 'बाप रागावला आणि पोराने मार खाल्ला' अशा थाटात तो अनेकदा सांगितला जातो. मला ते पटत नाही, आणि पौलालाही पटलं नसतं. 'देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता' असं त्याने लिहिलंय. म्हणजे मार ज्याच्यावर पडला तो त्रयस्थ नव्हता. पुढे यावर निरनिराळे विचार झाले. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने मानाच्या आणि देण्याच्या भाषेत मांडणी केली, सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी कोर्ट आणि शिक्षेच्या. पूर्वेकडच्या मंडळ्यांना मात्र पहिल्यापासून दवाखान्याची भाषा जवळची: पाप हा रोग, ख्रिस्त वैद्य. अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला प्रभुभोजनाच्या भाकरीला 'अमरत्वाचं औषध' म्हणतो.

ही भाषा नव्या करारातच रुजलेली आहे. ग्रीकमधला 'सोझो' हा एकच शब्द 'तारणे' आणि 'बरे करणे' या दोन्हींसाठी चालतो. 12 वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते, तिला तो म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला सोझो केलंय. यातलं काय घ्यायचं हा भाषांतर करणाऱ्याचा पेच. या बाईने वैद्यांपायी सगळा पैसा घालवला, त्यांनी तिचे हालच केले, असं मार्क स्पष्ट लिहितो. लूक तेच फार सौम्य करून सांगतो. परंपरा म्हणते, लूक स्वतः वैद्य होता!

याच वाक्याचा सगळ्यात वाईट वापर मी एका प्रार्थनासभेत पाहिलाय. व्यासपीठावरून सांगितलं गेलं, विश्वास असेल तर बरं वाटेलच. मधुमेहाच्या एका बाईने गोळ्या बंद केल्या. आठवड्याभरात तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि नंतर तिलाच ऐकवलं गेलं की विश्वास कमी पडला. म्हणजे आजारही तिचा आणि गुन्हाही तिचाच. अलीफजचं दुकान नव्या पाटीने उघडलेलं. पौलाचा विश्वास कमी होता असं यातलं कुणी म्हणेल का? त्याच्या शरीरात एक 'काटा' होता, तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' एवढं उत्तर मिळालं, आणि तो काटा घेऊनच तो पुढची कामं करत राहिला.

औषधाशी ख्रिस्ती विश्वासाचं वैर नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलात असलेल्या बेन सिराच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की वैद्याचा मान ठेव, त्यालाही देवानेच निर्माण केलंय, आणि औषधं देव जमिनीतून उगवतो. याकोबाचं पत्र सांगतं, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. कॅथलिक परंपरेत हा विधी पुढे मरणाच्या दारातल्या माणसासाठीच उरला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे 1962 ते 1965 या काळात, तो पुन्हा सगळ्या गंभीर आजाऱ्यांचा केला. आपल्याकडे मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं त्याच्या मुळाशी 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आहे. तिथे प्रार्थना व्हायची आणि शस्त्रक्रियाही. दोन्हींत कुणाला विरोध दिसला नाही.

आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेला गेलात तर रस्त्याच्या कडेला मेणाचे अवयव मांडलेले दिसतील. हात, पाय, डोळे, हृदय, अख्खं बाळ. ज्याचं जे दुखतं ते तो घेतो आणि माऊलीपुढे ठेवतो, ख्रिस्ती असो वा नसो. कट्टर प्रॉटेस्टंट याला नवसच म्हणतील, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पण सुजलेला गुडघा घेऊन चढण चढलेल्या म्हातारीने मेणाचा पाय दोन्ही हातांत धरलेला पाहिला, तेव्हा तो मला लाचेसारखा वाटला नाही. 'इथे दुखतंय' असं दाखवण्यासारखा वाटला.

शेवटी मार्कच्याच पहिल्या अध्यायातला एक पेच. एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो: "तुझी इच्छा असली तर तू मला शुद्ध करशील." बहुतेक हस्तलिखितांत पुढे आहे, 'येशूला कळवळा आला'. पण बेझा कोडेक्स नावाच्या जुन्या हस्तलिखितात त्याच जागी शब्द आहे, 'येशू रागावून'. मूळ कोणता यावर अभ्यासक अजून वाद घालतात. कळवळ्याचा राग कुणी मुद्दाम कशाला करेल, उलटंच झालं असेल, असं काहींचं म्हणणं. आणि रागावला असेल तर कशावर, रोगावर, की त्या माणसाला गावाबाहेर ठेवणाऱ्या जगावर, की 'तुझी इच्छा असली तर' या शब्दांवर? शब्द कोणताही घ्या, पुढचं वाक्य दोन्हीकडे आहे: त्याने हात पुढे केला आणि त्याला शिवला.